मेश्राम मॅडमची चाबी

मेश्राम मॅडमना मी खुर्चीत टेकलेलं फारसं पाहिलं नाही. आमच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत त्यांच्यासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. मॅडम या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत, जाता जाता कुणाच्या तोंडात डोकावत, एखाद्या विद्यार्थ्याच्या हातातला आरसा सरळ करत आणि तशाच पुढे जात. मी एमडीएस करायला त्यांच्या हाताखाली आले त्या पहिल्याच दिवशी दाराजवळच्या बाकावर बसले होते. त्या पुढे गेल्या, परत फिरल्या आणि म्हणाल्या, "बसून काहून राहिली वं? पेशंट काय तुह्या मांडीवर येऊन बसन?"

त्यांचे स्वतःचे दात शिवशिवत. मे महिन्यात सगळा विभाग माठातलं गार पाणी ढोसायचा आणि मॅडम बाटलीतलं कोमट पाणी प्यायच्या, तेही तोंडाच्या एकाच बाजूनं. अशा दातांसाठी बाजारात महागड्या ट्यूब मिळतात. त्यात पोटॅशियम नायट्रेट असतं, म्हणजे सोरा. मी एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही का नाही वापरत?"

"कंपनीवाला म्हणते म्हणून घासू का? आधी मले पाहू दे. मग घासीन."

हे पाहून घेणं म्हणजेच माझा थीसिस. मॅडमना निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सोरा लागू पडतो असं दिसलं, तर कॉलेजमध्येच ट्यूब बनवून ओपीडीत फुकट वाटायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आम्ही दोन प्रकारची पेस्ट बनवली. एकीत सोरा, दुसरीत नाही. चव ओळखू येऊ नये म्हणून दोन्हीत पुदिना अगदी सढळ हातानं घातला. ट्यूबवर फक्त नंबर. पेशंटला एक ट्यूब महिनाभर द्यायची, दर आठवड्याला दातावर गार हवेची फुंकर मारायची आणि कळ किती आली ते दहापैकी आकड्यात विचारून लिहायचं. कुठल्या नंबरात सोरा आहे ते ना पेशंटला ठाऊक, ना मला, ना मॅडमना. ती यादी आकडेशास्त्राच्या सरांनी एका पाकिटात बंद केली होती. पेशंटला काही त्रास झालाच तर उघडता यावी म्हणून तिची एक प्रत आमच्या लोखंडी कपाटात होती.

पेशंट विचारायचे, "बाई, सोरा म्हंजे फटाक्यातला ना? तोंडात फुटणार तं नाई?"

"फुटत नाई. नसेले गप करते," मॅडम सांगायच्या, आणि गप्प राहणं स्वतःला जमत नसल्यासारख्या पुन्हा चालू लागायच्या.

खरा त्रास त्या कपाटाचा होता. मॅडमची प्रत्येक फेरी तिथे जाऊन अडायची. एखाद्या पेशंटचा आकडा उतरला की त्या माझ्या कानाशी येऊन पुटपुटत, "हा सोऱ्यावाला हाये, पाह्य," आणि लगेच जीभ चावत. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कपाटाची चाबी माझ्या हातात ठेवली. "गळ्यात घाल. मी मांगतली तरी देऊ नको. माह्यावर माहाच भरोसा नाई." मला हसू आलं होतं. मॅडम हसत नव्हत्या.

तिसऱ्या आठवड्यात महाल भागात राहणाऱ्या आमच्या पेशंट सुलोचनाबाई दुसरी ट्यूब मागायला आल्या. महिन्याची ट्यूब नऊ दिवसांत संपली होती आणि त्या आठवडाभर राखुंडीनं दात घासत होत्या. मॅडमनी मला तिथल्या तिथे स्कूटरवर मागे बसवलं आणि भर उन्हात आम्ही त्यांच्या गल्लीत पोचलो. मोरीजवळच्या डब्यात सात ब्रश होते. सासऱ्यांचे दात केव्हाच गेले होते. तेही ती पेस्ट बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत होते.

"ट्यूब तुमच्यासाठी दिली होती ना?" मी जरा जोरातच म्हणाले.

"एकटीनं कसं घासाव वं बाई?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "घरातले सारे पाहून राहिले ना."

मॅडमनी माझ्याकडून बाकीच्या पेशंटनाही फोन करवले. आणखी दोन घरांत हीच तऱ्हा निघाली. म्हणजे तीन बायका अशा, ज्यांनी पेस्ट पुरेशी वापरलीच नव्हती. त्यांना अभ्यासात ठेवायचं की काढायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कूलर घरघरत होता. "चाबी दे. फक्त हे तीन नंबर पाहीन. साध्या पेस्टवाल्या असन तं राहू देऊ. सोऱ्यावाल्या असन तं काढून टाकू. सोऱ्यावर उगाच अन्याय काहून?"

मला ते इतकं पटलं की हात गळ्याकडे गेला. थीसिस माझा होता. निकाल चांगला यावा असं मॅडमपेक्षा मलाच जास्त वाटत होतं. पण नंबर पाहून कुणाला काढायचं ते ठरवलं, तर मग पाकीट बंद तरी कशाला ठेवलं?

"नाही मॅडम."

"गाइड मी हावो का तू?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मागितली तरी देऊ नको."

त्यांनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी रडले, आईला फोन केला, थीसिस गेला असं धरून चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर तर्री-पोह्यांची पुडी ठेवली. "तू चाबी दिली असती तं तुले काढली असती," त्या म्हणाल्या. "अन् मंग मलेबी काढा लागलं असतं." मग उभ्या उभ्याच त्यांनी नोंदवहीत लिहिलं की तिघीही अभ्यासात राहतील. खाली सही केली.

महिन्याअखेर आकडेशास्त्राच्या सरांसमोर पाकीट उघडलं. त्या तिघींपैकी दोघींकडे सोऱ्याच्या ट्यूब होत्या. दोघींची कळ होती तिथेच होती. त्यांना धरून दोन पेस्टमध्ये निश्चित फरक दिसत नव्हता. त्यांना वगळलं, की दिसत होता. मी ते आकडे एका कागदावर मांडून पाहिले आणि वहीखाली सरकवले.

"दाखवू नको," मॅडम म्हणाल्या. "मी मनात केलं ते गणित." त्या खिडकीपर्यंत गेल्या आणि आल्या. "एका बाईले ट्यूब दिली तं पुरं घर घासते. हे आपल्याले आधी समजाले पाहिजे होतं. लिही, निश्चित फरक दिसला नाही."

ओपीडीत फुकट ट्यूब काही आली नाही. मॅडम निवृत्त झाल्या, कोमट पाणीच पीत राहिल्या, आणि आठवड्यातून एकदा तरी फोन करायच्या. "ऐक वं. पेशंटच्या ट्यूबसोबत घरच्यांसाठी एक साधी मोठी ट्यूब द्याची. मंग पाह्य." नमस्कार नाही, तब्येत नाही, थेट ट्यूब. मला तेव्हा कंटाळा यायचा, हे आता सांगायला लाज वाटते. मागच्या वर्षी त्या गेल्या.

यंदा मी तो अभ्यास पुन्हा लावला आहे, आता घरच्यांची ट्यूब वेगळी देऊन. चाबी माझी विद्यार्थिनी तेजस्विनी हिच्याकडे आहे. मीच तिच्या हातात ठेवली, मॅडमचं वाक्य सांगून. आणि गेल्या सोमवारी, एका पेशंटचा आकडा झपाट्यानं उतरलेला पाहून, मी सहज हात पुढे केला. "दे गं जरा चाबी."

तेजस्विनीनं ॲप्रनचा खिसा घट्ट धरला आणि ती एक पाऊल मागे सरकली. "नाही देणार, मॅडम."

मला राग आला. खरंच आला. मग फार बरं वाटलं, आणि मग मेश्राम मॅडमना फोन करून हे सांगावं म्हणून मी मोबाइल हातात घेतला. तो तसाच धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि पुन्हा गेले.