डावा स्पीकर
तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात माल तपासून निवृत्त झालेल्या काकांचा सख्ख्या भावावरही भरवसा नव्हता. मग घरच्या गाण्याच्या खोलीसाठी ज्यांच्याकडून वापरलेले महागडे स्पीकर घ्यायचे, त्या बाईंवर कुठून असणार? टॉर्च मारून त्यांनी एकेक स्क्रू पाहिला, मग खुर्चीत बसून गाणं ऐकलं.

"डावा दबका वाजतोय. मला गंडवताय!"

बाईंनी दोन्ही स्पीकर एकमेकांच्या जागी सरकवले. तरी डावीकडचाच दबका. काकांनी वायरी बदलायला लावल्या. तरी तेच.

शेवटी बाईंनी काकांची खुर्चीच स्पीकरकडे पाठ करून फिरवली. आता दुसराच स्पीकर दबका वाजू लागला.

"काका, एकदा कान दाखवून घ्या," बाई हळूच म्हणाल्या.

काकांचा हात डाव्या कानाकडे गेला. मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "ही खुर्ची कुठून आणलीत?"