तोफगाडीचं झाकण

आमचे हे, म्हणजे उद्धवराव, महाळुंग्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण हात अजून ड्युटीवरच आहेत. घरातला मिक्सर कधी बिघडला नाही, तरी चारदा उघडून झालाय. मला बघायला आले होते तेव्हा आमच्याकडचा टेबलफॅन त्यांनी उलटा करून पाहिला. मला नंतर पाहिलं.

आमची वर्षाली तळवड्याला, कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. गाड्यांना बंदुका बसवायच्या आणि एकमेकांना उडवायचं, असला खेळ. त्यातली एक छोटी गाडी तिला करायला दिली होती. रविवारच्या चाचणीत गाडी टिकली तर ती खेळात राहणार आणि वर्षाली कंपनीत पक्की होणार. नाहीतर दोघींना घरचा रस्ता.

तिचं चित्र ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. टपावर गाडीएवढी तोफ होती. म्हणाले, पहिल्याच गोळीला ही स्वतः उताणी पडेल. मग तीन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं झालं. तोफ लहान होऊन खाली बोनेटवर आली, चाकं रुंद झाली. गाडी टेम्पोच्या धाकट्या बहिणीसारखी दिसायला लागली. शेवटी ह्यांनी पाठीमागे, इंजिनावर, एक चौकोनी झाकण करायला लावलं. वर्षाली म्हणाली, बाबा, खेळात गाडी दुरुस्त कोण करतंय? पण जिथं पाना घालायला हात जात नाही ती मशीन ह्यांच्या लेखी मशीनच नाही. वर झाकण एका हाताने उचललं गेलं पाहिजे, म्हणून तिथला पत्राही पातळ ठेवायला लावला.

रविवारी दुपारी तिचे साहेब नुमान आणि आणखी तिघं आपापल्या घरून खेळायला बसले. फोन स्पीकरवर. पहिल्याच फेरीत नुमानने मागून येऊन झाकणावर एक गोळी घातली आणि आमची गाडी संपली. दुसऱ्या फेरीत चौघंही पाठीमागेच लागले.

नुमान म्हणाला, "वर्षाली, गाडी देखणी आहे, पण पाठ फिरवली की मेली. एक शेवटची फेरी घेऊ, मग सोडून देऊ."

ती डोळे पुसत तोंड धुवायला गेली. मी देवापाशी निरांजन लावलं. माणसं उडवणाऱ्या गाडीसाठी देवाकडे मागावं कसं, ते कळेना. शेवटी नुसतं लेकीसाठी मागितलं. बाहेर येऊन बघते तर कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत हे.

"पुढं जायचं बटण कुठलं, मागं कुठलं आणि गोळीचं कुठलं, तेवढं सांग," वर्षालीला म्हणाले. तिने आशा सोडलीच होती. सांगितलं.

फेरी सुरू झाली. बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. हे सावकाश निघाले, कोपऱ्यातली एक भिंत गाठली आणि रिव्हर्स घेत घेत गाडीची पाठ भिंतीला टेकवली. ह्यांच्या कंपनीत गाडी तशीच लावायचा नियम होता. आग लागली तर गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला हवं. कुणी उलटी लावली की गेटवरचा दत्तोबा चाकाची हवा सोडायचा. एकतीस वर्षांची सवय. झाकण भिंतीला चिकटलं आणि समोरून येईल त्याला हे टिपत गेले. प्रत्येकाला आधी "या" म्हणायचे. तिघं गेले. शेवटी नुमान आला, तोही गेला.

फोनवरून नुमानने विचारलं, "कोण चालवत होतं?"

"बाबा," वर्षालीने खरं ते सांगून टाकलं.

नुमान खूप हसला. म्हणाला, "गाडी ठेवतो. झाकणही ठेवतो. नाहीतर काकांना हरवायचं कसं?"

हे फोनजवळ वाकले. "ठेवायलाच पाहिजे, साहेब. तुम्ही समोरून एवढ्या गोळ्या घातल्यात, सर्व्हिसिंग कुठून करायची?"

पुढच्या आठवड्यात वर्षालीने पक्कं झाल्याचं पत्र छापून आणलं. मी ते देवापुढे ठेवायला घेतलं, तर हे म्हणाले, थांब, आधी उलटं कर, मागे काय आहे बघू.