पानं बांधलेली ब्रोकोली

कमलमावशींनी सुतळी सोडली आणि पानं बाजूला केली. आत ब्रोकोलीचा गड्डा पार फुलून गेला होता. सगळी बारीक पिवळी फुलं. मी शेजारचं रोप बघितलं, तेही तसंच.

“आजून आठ दिवस थांबावं लागंल,” मावशी म्हणाल्या. “नव्या जातीचा हाय, पांढरा व्हायला येळ लागत असंल.”

मी घनसावंगी तालुक्यात एका संस्थेची फिल्ड कोऑर्डिनेटर आहे. काम परसबागेचं, म्हणजे अंगणात धुण्याभांड्याच्या पाण्यावर घरापुरती भाजी. कुंभार पिंपळगावजवळच्या या वस्तीत चौदा घरांना आम्ही ब्रोकोलीची रोपं दिली होती. ज्या वस्तीचा रिपोर्ट चांगला, तिला पुढच्या फेजमध्ये पाण्याच्या टाक्या. इथे नळ चार दिवसांनी येतो. हापशावरून घागरी आणणं मावशींच्या गुडघ्यांना आता झेपत नव्हतं.

“मावशी, ही हिरवीच असते. हिरवी असतानाच कापायची.”

“पोरी, बारा वर्षं गोबीच्या वावरात रोजानं गेले मी. पानं बांधली की ऊन लागत न्हाई, मंग गड्डा पांढरा होतो. हिरवा गोबी बाजारात कोण घेतं? सगळ्याजणींला मीच बांधून देल्ती.”

खरं होतं. फुलकोबी अशीच पांढरी ठेवतात. मी चौदाही अंगणं फिरले. प्रत्येक रोप नीट बांधलेलं, बुडाशी पाचोळा, कीड कुठेच नाही. आणि एकही गड्डा खाण्याजोगा उरला नव्हता.

“कवा कापायचा ते तुमच्या कागदात व्हतं का, मॅडम?” शेजारच्या शीलाताईंनी विचारलं.

तो कागद मीच लिहिला होता. आमच्या घरी मी पत्रकांवरच वाचायला शिकले. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला वडील ती वाटत फिरायचे. त्यामुळे माझ्या पत्रकाचं अर्धं पान ‘पोषण हा आपला हक्क आहे’ यातच गेलं. उरलेल्यात वाफा, खत, पाणी. कापणीची ओळच नव्हती. मधले दोन महिने मला दुसऱ्या तालुक्यात सर्व्हेला पाठवलं होतं. फोनवर विचारलं की सगळ्या म्हणायच्या, बाग बराबर आहे. बाग बराबरच होती.

जालन्याच्या ऑफिसात मॅनेजर सरांनी फोटो बघितले. “रिमार्कमध्ये लिही, लाभार्थ्यांचा निष्काळजीपणा.”

“निष्काळजी माणूस एकेक रोप सुतळीनं बांधत बसत नाही, सर.”

“मग काय लिहिणार?”

“पत्रकात कापणीची माहिती नव्हती. चूक आपली.”

“ते पत्रक मी पास केलंय.”

“हो. लिहिलं मी, सही तुमची.”

सरांनी फोटो माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, “तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. माहिती आहे ना?”

माहिती होतं. धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चालू आहे. पण मजुरी करणाऱ्या बाईच्या नावापुढे ‘निष्काळजी’ लिहायला कुणाला कधी पुरावा लागलेला नाही, आणि तसं लिहिणाऱ्यांतली मी एक होणार नव्हते. मी चूक माझ्या नावावर लिहिली. बांधलेल्या रोपांचे चौदा फोटो जोडले, सोबत माझं पत्रकही.

फुललेले गड्डे आम्ही कापून टाकले. ब्रोकोलीला पानांच्या बगलेतून पुन्हा छोटे गड्डे फुटतात. ते लिंबाएवढे झाल्यावर हिरवेच तोडले. मावशींनी बेसन पेरून भाजी केली.

“बरी लागती,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या वक्ती काही आणशील तं आधी मला इचार.”

फोटोंतली बागांची निगा बघून वस्तीला टाक्या मंजूर झाल्या. मला मेमो मिळाला, आणि कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी तीन महिन्यांचं.

ज्यांना शिकवायला जातोय त्यांना काहीच येत नाही, असं धरून मी ते पत्रक लिहिलं होतं. गोबीचं काम मावशींना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. रोपं देताना एवढं विचारायला मला पाच मिनिटं लागली असती.