पितळी सरदाराच्या छातीवर गुडघा नको!

मंगळवारी नानांचं परतीचं विमान होतं, आणि शनिवार उजाडला तरी माझी दहा वर्षांची मीरा आजोबांशी चार वाक्यं धड बोलली नव्हती. लंडनजवळ पिनरच्या आमच्या घरात तीन महिने दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसत! मराठी चुकेल म्हणून ती गप्प, इंग्रजी येईना म्हणून माझे वडील गप्प. तेवढ्यात शाळेतून तिला जुन्या काळच्या इंग्रज सरदारांवर, म्हणजे नाइटांवर, प्रोजेक्ट मिळाला. म्हटलं, चला, दोघांनाही गाडीत घालते! गोष्ट ऐंशीच्या दशकातली, पण सफक परगण्यातलं, आम्ही गेलो ते चर्च अजून आहे, जरूर जा.

मोटरवे मोकळा होता. शेवटचे पाच मैल मात्र रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की आपण मागे जायचं. पोळीभाजीचा डबा न्याच, गावातला एकुलता एक पब दुपारी बंद! चर्चमध्ये दोन पाउंड दिले की एक म्हाताऱ्या बाई मोठा कागद आणि काळा मेणाचा खडू देतात. फरशीत, थडग्यावर, सपाट पत्र्यात कोरलेला अख्खा पितळी सरदार बसवलाय: चिलखत, तलवार, पायाशी कुत्रा. वर कागद पसरून खडू घासला की तो कागदावर उमटतो. काय देखणा दिसतो म्हणून सांगू!

मीरा त्याच्या छातीवर गुडघा टेकणार, इतक्यात नाना ओरडले, "अगं अगं! शिपाई माणूस आहे तो. पाय नको लावू!"

इथे सगळे असंच करतात, असं बाईंनी सांगून पाहिलं. नाना ऐकतात होय! बूट काढून ते एका बाजूला पालथे झोपले, दुसऱ्या बाजूला मीराला झोपवलं. ज्याचा हात जिथवर पोचेल तिथवर त्याने घासायचं. मी हसून बेजार.

हसता हसता मी चर्चमधलं सरदाराच्या माहितीचं पत्रक मराठीत वाचून दाखवत होते. सोळाव्या वर्षी फ्रान्सच्या लढाईला गेला, तिथे पकडला गेला, दोन वर्षं कैदेत. बायकोने दागिने विकून सोडवला, पुढे म्हातारा होऊन घरीच वारला.

"मीपण होतो कैदेत," नाना खडू न थांबवता म्हणाले. "इटलीत. दीड वर्ष."

मी चाटच पडले. दुसऱ्या महायुद्धात लढाईवर होते एवढंच मला ठाऊक, चाळीस वर्षांत हे कधी बोलले नव्हते.

मीराचा हात थांबला. "नाना, तुम्ही भीती वाटला?"

"वाटली की. भाकरी स्वप्नात यायची."

"मग? मग काय झाला?"

ते 'मग काय झाला' पिनर येईपर्यंत थांबलं नाही. चुकत, मध्येच इंग्रजी घुसडत पोरगी विचारत होती आणि नाना सांगत होते. पुढे स्टिअरिंगवर माझे डोळे भरून आले होते, खरं सांगते.

घरी कागद उलगडला तर सरदार अर्धा काळाकुट्ट, अर्धा फिका. फिकी बाजू मी गडद करायला गेले, तर मीराने कागद ओढून घेतला. "नको! ते नानांचा बाजू आहे."

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो कागद मीराच्या घरी भिंतीवर आहे. तिची लेक विचारते, हा कोण गं? मीरा सरदाराचं नावच घेत नाही, ती इटलीपासून सुरुवात करते.