पातळ सालीचं भेदरं

बार्शीटाकळीच्या स्टँडवर माय माझ्या खिडकीखाली उभी होती आणि बाबा रस्त्यापलीकडे, पानठेल्यापाशी, आमच्याकडे पाठ करून. मायच्या हातात स्टीलचा डबा होता. कडुनिंबाच्या पाल्यावर एकेक मांडलेली भेदरं त्यात होती, आमच्या परसातली शेवटची. तिनं डबा खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला.

"हातातच ठेवजो. पातळ सालीचे हायेत, दबले की फुटतेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बी तुया पिशवीत टाकलं हाये. सगळंच. आता इथं कोनासाठी ठेवू?"

एस.टी. हलली तरी बाबा वळले नाहीत.

मूर्तिजापूर येईस्तोवर अर्धी भेदरं फुटली होती आणि रस माझ्या ओढणीवर आला होता. शेजारच्या म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून मिठाची पुडी काढली. "खाऊन टाक पोरी, वाया कावून घालवतं? आन् रडायचंच असन तर मीठ कमी लागन." आम्ही दोघींनी ती फुटकी भेदरं खाल्ली. गाव सोडताना माझ्या तोंडात जी चव होती, ती अशी होती.

तुम्ही जे गावातच राहिलात, त्यांना भेदरं काय ते सांगायला नको. जे माझ्यासारखे निघून आले आणि फ्रीजमधल्या गुळगुळीत, निर्जीव टमाटरांची ज्यांना सवय झाली, त्यांना मात्र मी आठवण करून देणारच. भेदरं म्हणजे आपलं गावरान टमाटर. लहान, चपटं, देठापाशी घड्या पडलेलं, पिकलं तरी वरून जरा हिरवट. ते निखाऱ्यावर भाजायचं. साल काळी पडून सुटली की पाट्यावर हिरवी मिरची, लसूण आणि मिठासोबत रगडायचं, वरून कच्चं जवसाचं तेल सोडायचं आणि ज्वारीच्या गरम भाकरीसोबत खायचं. आधी आंबट लागतं, गोडी मागून येते, आणि हाताचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. यावर कुणी "टमाटर ते टमाटर" म्हणालं, तर मी त्या माणसाशी वाद घालते. चवीच्या बाबतीत तटस्थ राहणं मला जमत नाही.

वाद घालणं मी घरातच शिकले. बाबा पत्रकं काढायचे. पाण्याच्या टाकीवर, मजुरीवर, शाळेतल्या गळक्या वर्गावर. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. बाबांचा एक नियम होता: खाली सही पूर्ण नावाची. "निनावी पत्रक म्हंजे अंधारातून मारलेला दगड," असं ते म्हणायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर माय भेदराचं बी राखेत घोळून चिकटवायची आणि घडी करून आढ्याला खोचायची. हंगामातलं पहिलं, सगळ्यांत चांगलं फळ बियासाठी. त्याच्या देठाला ती लाल दोरा बांधायची. मग ते कुणी तोडायचं नाही, पाहुणा आला तरी नाही.

मग मी गाव सोडलं त्या वर्षी अकोल्याच्या व्यापाऱ्यानं बाबांना वावरात जाड सालीचं हायब्रीड लावायला सांगितलं. जाड साल दूरवर जाते, क्रेटमध्ये दबत नाही. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण बियाण्याच्या दुकानदारानं आणखी एक सांगितलं: परसातल्या गावरान झाडांवरून पानं आकसण्याचा रोग नव्या पिकावर येईल, ती काढून टाका. माय निंदणीला गेली होती. बाबांनी तिला न विचारता अख्खा वाफा उपटला. माय परत आली आणि उपटलेल्या झाडांची पिकली-अधपिकली फळं काही न बोलता वेचत बसली.

मी बोलले. म्हणजे मी पत्रक काढलं. मथळा होता, "परसातल्या हुकूमशाहीविरुद्ध". त्यात बाबांच्याच एका जुन्या पत्रकातलं वाक्य टाकलं, "बी ज्याच्या हाती, रान त्याच्या हाती," आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, ज्यात बाबांचंही नाव होतं. ते समाजमंदिराच्या भिंतीवर लावलं. बाबांनी उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं. "भाषा चांगली हाये," एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. अमरावतीच्या नोकरीचं पत्र तेव्हा आलेलंच होतं. मी नाही म्हणणार होते, आता हो म्हटलं.

अमरावती काही परदेश नाही. घरून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. पण ज्या घरातला एक माणूस "पोचली का" असं विचारत नाही, ते घर किती लांब आहे हे एस.टी.च्या तिकिटावरून कळत नाही. इथं मी स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासच्या नोट्स टाइप करते. माझ्या आयुष्यात आता लिफ्ट आहे, मेंटेनन्स आहे, बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सुरुवातीला मी "मले" म्हटलं की ऑफिसात लोक हसायचे. अमरावतीतच, वऱ्हाडातच! मी अजूनही "मले"च म्हणते.

पावसाळ्यात मी टेरेसवर रंगाच्या रिकाम्या बकेटांत मायचं बी टाकलं. थंडीत भेदरं लागली. पहिल्या फळाला लाल दोरा बांधला, बाकीच्यांची चटणी करून मजल्या-मजल्यावर वाटली. निखारे नव्हते, गॅसवर भाजली, तरी लोकांनी डबे चाटूनपुसून परत केले.

मायचा फोन बाबा बाहेर गेले की यायचा. त्यातून कळलं की घरात वर्षभर भेदराची चटणीच झालेली नाही. हायब्रीडचा ढीग समोर होता, बाबांनी दोनदा सुचवूनही पाहिलं. "म्या सांगतलं, त्या रबराची चटनी मी वाटत नाही. तुमचा तुमी पाटा घ्या." पत्रकाशिवाय झालेला हा आमच्या घरातला पहिला संप.

आणि एके दिवशी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: टेरेसवर लीकेज आहे, बकेटा रविवारपर्यंत हटवाव्यात, अन्यथा फेकण्यात येतील. मायनं सगळंच बी मला दिलं होतं आणि मी ते सगळंच पेरलं होतं. हलवायला उन्हाची दुसरी जागा नव्हती; त्या बकेटा गेल्या असत्या, तर आमच्या घरचं भेदरं जगातून गेलं असतं. बाकीची पिकली तशी चटणीत गेली होती, आणि बियाचं फळ झाडावरच पार मऊ पडेस्तोवर ठेवावं लागतं; दोरा बांधलेलं अजून तेवढं पिकलं नव्हतं. कच्च्या फळाचं बी उगवेल याचा काय भरवसा? मग आमच्या घरात जे करतात तेच मी केलं. पत्रक काढलं, पूर्ण नावानं, आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. मायलाही फोनवर वाचून दाखवलं. बिल्डिंगमध्ये असं कुणी कधी केलं नव्हतं. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलेनासे झाले.

रविवारी टेरेसवर मीटिंग झाली. सेक्रेटरींच्या हातात माझं पत्रक होतं, पार चुरगळलेलं.

"हे वावर नाही म्याडम, टेरेस आहे. लीकेजचं काय?"

खालच्या मजल्यावरच्या वानखडे काकू म्हणाल्या, "लीकेज तर बकेटा यायच्या आधीपासूनच आहे, भाऊ. माझ्या बेडरूमचे पोपडे पाहा."

"तुम्ही चटणी खाल्ली हिची, तुमचं मत धरत नाही."

"मग तर कोनाचंच धरू नका. डबा तुमच्याही घरून परत आला होता."

सेक्रेटरी चिडले. "संध्याकाळी माणूस बोलावतो आणि..."

तेवढ्यात जिन्याच्या दारातून आवाज आला, "जयभीम."

बाबा होते. खांद्याला कापडी पिशवी. काहींनी उत्तर दिलं, काहींनी मोबाईल पाहिला. सेक्रेटरींनी विचारलं, "आपण कोण?"

"इचा बाप. हेच भेदरे गावी म्याच उपटले होते."

"पाहा!" सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचं पण हेच म्हणणं आहे नं?"

बाबा बकेटेपाशी उकिडवे बसले, एक पान चुरून हुंगलं, एक पिकलं फळ तोडलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. सावकाश. बी हनुवटीवर आलं, तेही पुसून खाल्लं.

"रोग येईन म्हनून उपटले," ते म्हणाले. "रोग आलाच. हायब्रीडवर. आमच्या परसात तवा एकही भेदरं नव्हतं." मग सेक्रेटरींकडे पाहून म्हणाले, "बकेटीखाली इटा ठेवा साहेब, पानी कुठून गळते ते दिसन. उपटाची घाई मी करून पाह्यली हाये. घरात वरीसभर चटनी नाही."

कुणीतरी हसलं. बकेटा कायमच्या राहिल्या नाहीत, खोटं कशाला सांगू; पण फळं संपेपर्यंतची मुदत मिळाली. मला ते पुरेसं नाही आणि पुढच्या पत्रकात मी ते लिहिणार आहे.

सगळे खाली गेल्यावर बाबांनी विचारलं, "बियाचं कोनतं?"

मी लाल दोरा दाखवला.

"पिकलं की मले देशील?"

"मी पत्रक मागं घेणार नाही, बाबा."

"घे कोन म्हनते? समाजमंदिरावरून अजून काढलं नाही म्या ते."

ते परत गेले आणि फळ पिकल्यावर पुन्हा आले. मी डबा पुढे केला. "डब्यात वाफ धरते," म्हणाले आणि ते भेदरं उघड्या तळहातावर घेऊन अकोल्याच्या एस.टी.त बसले, खिडकीशी, माझ्याकडे तोंड करून. मी खाली उभी होते, माय उभी होती तशी. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी पूर्वी गाव-तालुका सांगायची. आता मला त्या एस.टी.च्या खिडकीतला तो हात आठवतो आणि पटकन काही सांगता येत नाही.

त्या दिवशी नोट्सचं एक पानही धड टाइप झालं नाही. मूर्तिजापूर आलं असेल, अकोला आलं असेल, पुढची गाडी मिळाली असेल. दिवेलागणीला फोन वाजला. बाबांचा, गाव सोडल्यापासूनचा पहिला.

"फुटलं नाही," ते म्हणाले.