पंचामृतातली काडतुसं

आमच्या आयच्या तावडीतून देवसुद्धा कोरडा सुटत नसे. खंडेनवमीला कोयता, विळा, कुदळ, सगळ्यांना ती अंघोळ घालायची, मग पंचामृत, मग हळदकुंकू. माकुणसारच्या आमच्या शेतात रानडुकरांचा भारी त्रास, म्हणून बाबांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. तीही पाटावर यायची. बाबा नंतर नळी पुसून तिला तेल लावायचे. काडतुसांना नुसतं कुंकवाचं बोट लागायचं.

त्या वेळची काडतुसं पुठ्ठ्याची, बुडाला पितळ. पावसाळाभर खाऱ्या हवेत ती आधीच दमटलेली असायची. त्या वर्षी राखणीला पहिल्यांदा दादा जाणार होता. आयचा जीव वरखाली होत होता, म्हणून तिने त्याच्या काडतुसांवर पंचामृत चांगलं सढळ हाताने ओतलं. दसऱ्यापर्यंत ती झेंडूच्या फुलांखाली तशीच पडून राहिली. उचलली तेव्हा इतकी फुगली होती की बंदुकीत शिरेनात. बाबांनी ती उन्हात वाळवली, पुठ्ठा खरवडून पातळ केला. वरून सुकलं म्हणजे आतून सुकलं, हे आमचं शहाणपण.

दादा तेव्हा खुशीत होता. तारापूरला वीजकेंद्र बांधायला घेतलं होतं, तिथे फिटरच्या हाताखाली त्याला दिवाळीनंतर बोलावलं होतं. आता साहेबांना चहा कपबशीतूनच लागणार, म्हणून मी त्याला चिडवायची.

एका सकाळी फटफटताना डुकरं भातात उतरली. मी डबा बडवायला दादासोबत गेले होते. पहिला बार फुस्स झाला. धक्का नाही, आवाज नाही, थोडा धूर. दादा हसला. "फुसका निघाला," म्हणाला आणि दुसरं काडतूस भरलं. मधे नळीतून आरपार बघायला हवं, हे ना त्याला सुचलं ना मला. दुसऱ्या बाराला नळीच फुटली, ती धरलेल्या डाव्या हातातच. मनगटाखाली काही राहिलं नाही. त्यापुढचं मला आजही सांगवत नाही.

पालघरच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याने फाटलेली नळी बघून बाबांना उलगडा केला. पहिल्या काडतुसातली दारू ओली, ती पुरती पेटलीच नाही. छऱ्यांमागची जाड चकती नळीत अडकली आणि दुसऱ्या बाराला बाहेर पडायला वाट उरली नाही. "एवढं पाणी लागलं कुठं यांना?" त्याने विचारलं. बाबा फाटलेली नळी उचलून निघाले. घरी येऊन आयला म्हणाले, माल मुळातच खराब होता. खरं काय ते दादाला आणि मला सांगितलं आणि आमची तोंडं बंद केली.

तारापूरचं काम अर्थातच गेलं. पुढच्या खंडेनवमीला आय पाटावर विळे मांडता मांडता थांबली. दादाकडे न बघता म्हणाली, "गेल्या साली माज्या पूजेत काय कमी पडलं रं? नायतर देवानं तुजा हात कशाला नेला असता?"

बाबा उठून ओटीवर गेले. मला रडू आवरेना.

"काय कमी नाय पडलं, आय," दादा म्हणाला.

तिला ते पटलं नाही. त्या वर्षी तिने पंचामृत दुप्पट केलं. पुढे जगली तोवर दर खंडेनवमीला ती पाटासमोर डोकं टेकून माफी मागायची. कशाची ते तिला कधी कळलं नाही, आणि आम्ही कळू दिलं नाही.