बोटीमागचा ड्रम
शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन एकत्र आंबल्याचा वास आला, की मला अजून धरणाचा तो काठ आठवतो. माझ्या मुलानं कुठून तरी जुनी मोटारबोट आणली होती. बोटीला बांधलेली दोरी धरून फळीवर उभं राहायचं आणि मागं उठणाऱ्या लाटेवर घसरायचं, हे खूळ त्यानं मोबाईलवर पाहिलेलं. पण बोट हलकी, लाट काही उठेना. "मागं वजन पाह्यजे, आई," तो म्हणाला. झालं, माझी अक्कल उतू गेली! शेतातला जीवामृताचा, म्हणजे त्या आंबवलेल्या शेण-गोमूत्राच्या खताचा, ड्रम मागं बांधायचा, फवारणीच्या पंपानं त्यात पाणी भरायचं, काम झालं की नळीनं सोडून द्यायचं. "धुतला काय पन तो?" मुलानं विचारलं. "गाईचंच तं हाये, बाटते काय!" असं म्हणत मी तळाच्या गाळावरच पाणी भरलं, झाकण गच्च आवळलं आणि ड्रम उन्हात तापू दिला. आत गाळ आंबत, फुगत राहिला. अशात मुलीकडचे अनसिंग गावाहून मुलाला पाहायला आले. ती मुलगी त्याच्या मनात फार भरलेली. म्हणून मीच तिच्या वडिलांना मानानं बोटीत मागं बसवलं, ड्रमाला टेकून. बोटीनं हिसका दिला आणि फाट्‌कन झाकण उडालं. हिरवट, बुळबुळीत, सडकं पाणी पाहुण्यांच्या टोपीवरून थेट तोंडात! शी! थुंकत, ओकत ते काठावर आले आणि गरजले, "या बाईच्या घरात पोरगी देऊ काय मी?" सोयरीक तिथंच मोडली, आणि मुलानं बोट काठावर उलटी करून ठेवली. आता थोरल्या लेकीच्या मुलीसाठी स्थळं पाहताना वाटतं, त्या ड्रमवाल्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, घरात मीसुद्धा पोरगी दिली नसती.